दुधाचे दात आणि तीन दिवसांची वही

माझ्या मुलाला गोड फारसं आवडत नाही. त्यामुळे तो साडेतीन वर्षांचा असताना डेंटिस्टनी चार दातांना कीड दाखवली, तेव्हा मी वादच घालायला लागले. त्यांनी शांतपणे एक काम दिलं. तीन दिवस वही ठेवायची, पाण्याशिवाय काहीही तोंडात गेलं की वेळ लिहायची.

दिवसाला तेरा नोंदी निघाल्या! अर्धं बिस्किट, दोन घोट ज्यूस, खेळता खेळता चार मनुका, कपात उरलेलं दूध. पोटात धड काही जात नव्हतं आणि तोंड मात्र दिवसभर चालू.

तुम्हीही सुरुवात वहीपासूनच करा. दातांवर जो चिकट थर साठतो, त्यातले जिवाणू साखर फस्त करून आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात, आणि दुधाच्या दातांचं कवच मुळातच पातळ. लाळ आम्ल निवळवते, गेलेली खनिजं थोडीफार भरूनही काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचा घास आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चार बिस्किटं एका बैठकीत खाल्लेली परवडतात. तीच बिस्किटं तासाभरात पुरवून पुरवून खाल्लेली महागात पडतात. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्मच्या रुग्णालयात 1940 च्या दशकात रुग्णांना मुद्दाम गोड खायला घालून प्रयोग झाले. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांवर केलेले, आज वाचतानाही अंगावर येणारे. त्यात दिसलं ते हेच: जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळेत चघळलेल्या चिकट टॉफीने मात्र भराभर वाढली.

आम्ही पदार्थ बंद केले नाहीत, वेळा बांधल्या. तीन जेवणं, दोन खाऊ, मधे फक्त पाणी. पहिला आठवडा रडारडीचा गेला, खोटं कशाला सांगू. आणि नुसतं 'गोड' शोधू नका. दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसणारे चिप्सही त्यातलेच, 'पौष्टिक' मनुकाही.

सगळ्यात मोठी चूक रात्रीची होती. तो बाटली तोंडात धरूनच झोपायचा. झोपेत लाळ कमी होते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेआड असल्याने बरेचदा वाचतात. त्याचेही वाचले होते. सवय मोडायला आम्ही रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत नेलं, शेवटी बाटलीत नुसतं पाणी उरलं आणि त्याचा रसच गेला. आता क्रम ठरलेला: आधी दूध, मग ब्रश, मग झोप. रात्री सिरप द्यायचं असेल तर तेही ब्रशच्या आधी, कारण बऱ्याच सिरपांत साखर असते.

ब्रश पहिला दात दिसला की सुरू, दिवसातून दोनदा. कमीत कमी 1000 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट घ्या. आकडा ट्यूबवर छापलेला असतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतला लांबलचक फराटा विसरा. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवा, म्हणजे दाढा नीट दिसतात. झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चूळ नको; फ्लोराइड वाहून जातं. 'माझं मी करतो' म्हणाला तर करू द्या, मग एक हात आपला फिरवा. सात-आठ वर्षांपर्यंत यातून सुटका नाही. जिथे दोन दाढा चिकटून बसल्यात तिथे ब्रश पोचतच नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा.

महिन्यातून एकदा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची पहिली खूण, आणि या टप्प्यावर ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला की घरचे उपाय संपले. खरं तर पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंतच व्हायला हवी; आम्ही अडीच वर्षं उशिरा गेलो.

घरातल्यांच्या तोंडातले जिवाणू बाळाकडे जातात हेही खरं. पण उष्ट्या चमच्यावरून आजीशी भांडण्यापेक्षा मी माझ्याच दोन किडक्या दाढा भरून घेतल्या.

'पडणारेच दात आहेत' हे तर सगळेच म्हणाले. पुढचे पडतात सहा-सातला. दुधाच्या दाढा दहा ते बारापर्यंत टिकाव्या लागतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातांना वाट उरत नाही.

मुलगा आता सहाचा आहे. या वयात सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ पालकांना ती दुधाचीच वाटते. काल टॉर्च लावून पाहिलं तर खाली डावीकडे हिरडीतून एक कोपरा वर आलाय. पूर्ण आली की तिच्या खाचा डेंटिस्टकडून सीलंटने, म्हणजे पातळ लेपाने, बुजवून घ्यायच्या आहेत. तोवर ब्रश तिथे आडवा धरून घासतोय, कारण अर्धवट आलेली दाढ शेजारणीपेक्षा बुटकी असते आणि सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो.