पेशंटला दवाखान्यात नेताय? सोबत जाणाऱ्याने या चुका टाळा

गावातल्या कुणाला जळगावला नाहीतर धुळ्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असलं की बऱ्याचदा सोबत मी असतो, आणि ओपीडीबाहेर बसून त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात वाईट चूक गोळ्यांची. डॉक्टर विचारतात काय चालू आहे, तर उत्तर काय, "एक पांढरी सकाळी, एक गुलाबी रात्री". अहो, पांढऱ्या गोळ्या हजार आहेत! आमच्याकडच्या एका काकांना चोपड्याच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी दिलेली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. पुढे जळगावला दाखवलं तेव्हा मुलाने नुसतं "शुगरची गोळी आहे, पण कंट्रोल नाही" एवढंच सांगितलं, पाकीट घरीच. तिथे नवीन गोळी लिहून दिली, वेगळी कंपनी, वेगळं नाव, आत औषध तेच, आणि घरी दोन्ही चालू राहिल्या. एका पहाटे काका घामाने ओले, काहीतरी बरळताहेत, घरच्यांना वाटलं लकवा. दवाखान्यात शुगर बघितली तर 42, म्हणजे फारच खाली गेलेली. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर माणूस शुद्धीवर आला. मी पिशवी पलंगावर रिकामी केली आणि दोन पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं सुनेला वाचायला लावली, दोन्हीवर ग्लिमेपिराइड.

म्हणून मी सगळी औषधं पिशवीत घालूनच नेतो, आयुर्वेदिक काढा, गुडघ्याची पेनकिलर, सगळं. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा मागून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दात काढतानासुद्धा आधी सांगायची, मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

दुसरी चूक म्हणजे पेशंटला बोलूच न देणं. एक आजी होत्या, मुलगा सगळं स्वतःच सांगत होता, "गॅसेस होतात हो डॉक्टर, खाते काही पण". आजी मध्येच हळूच बोलल्या, "रातले झोपमा दम लागस माले", तर मुलगा म्हणे तू थांब गं. नशीब डॉक्टर खान्देशातलेच होते, त्यांनी मुलाला गप्प केलं आणि विचारलं, आजी, उशा किती घेता? आजी म्हणाल्या तीन, आडवं पडवतच नाही. लगेच इसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). दुखणं हृदयाचं निघालं. आपली माणसं अहिराणीत बोलायला मोठ्या डॉक्टरसमोर लाजतात, त्यांना बोलू द्या, डॉक्टरला कळलं नाही तर मग तुम्ही मराठीत सांगा. त्यांच्या आधी नाही.

बिडी, तंबाखू, दारू लपवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरला तर अजिबात नाही. पेशंटसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर बाजूला जाऊन सांगा.

घरातल्या चौघांनी डॉक्टरला वेगवेगळे फोन करू नका, एकानेच बोलायचं. प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहायचे, महत्त्वाचे दोन वर, कारण आत गेल्यावर पाच मिनिटंही मिळत नाहीत आणि "बरं वाटेल ना" विचारण्यातच ती जातात. त्यापेक्षा विचारा, काय झालं तर लगेच आणायचं? आणि डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांगून बघायचं. घाईत माना डोलावून बाहेर आलेले लोक कंपाउंडरला विचारत बसतात, हे मला अजिबात पटत नाही.

पैशाचं ॲडमिट करायच्या आधीच विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ते योजनेतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या आजारांनाच, तेव्हा रेशनकार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

डिस्चार्जला तर सगळ्यांना गाडी पकडायची घाई. तिथेच उभं राहून कार्ड वाचा, जुन्या गोळ्यांतल्या कोणत्या बंद ते पेनाने लिहून घ्या. आणि केसपेपरच्या कॉपी हव्या असतील तर लेखी अर्ज द्या, मागितल्यापासून 72 तासांत त्या द्यायच्या असा नियम आहे.