जुन्या ट्रकचं वेल्डिंग बघताना
जुना टाटा ४०७ घेताय ना, मग चकाचक रंगाला भुलू नका, आधी केबिनमधलं मॅटिंग उचला आणि फ्लोअरचा पत्रा वरून-खालून टॉर्च मारून बघा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर फिरवा, नीट पकडत नसेल तिथं लांबी (खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी) थापलीय समजा. चांगलं काम म्हणजे गंजका भाग पूर्ण कापून नवा तुकडा चांगल्या पत्र्याला जोडलेला, पण बरेच जण गंजावरच ठिगळ ठेवून चार टाके मारतात, वर सीलर फासतात, मग आत पाणी मुरतं आणि एखाद-दोन पावसाळ्यात परत सडतं. शंका आली तर स्क्रूड्रायव्हरने टोचा (मालकाला विचारून हां!). वेल्डमध्ये बारीक भोकं दिसली तर काम कच्चं. आणि चेसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे लांब दांड्याच्या वरच्या-खालच्या दुमडलेल्या पट्टीवर, आडवा वेल्ड दिसला तर भाव करत बसू नका, सरळ दुसरी गाडी बघा.