सेगवेवरून बागा पाहायला निघताय? या चुका टाळा

सेगवे म्हणजे दोन चाकांमधल्या फळीवर उभं राहून चालवायचं, स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारं विजेवरचं यंत्र. त्याच्यावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाची नजर हमखास खाली असते, स्वतःच्या बुटांकडे. फेरीत पुढे ज्या गडबडी होतात, त्यांतल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात. मान खाली गेली की खांदे पुढे येतात, खांदे पुढे आले की वजन पंजांवर जातं आणि वजन पंजांवर गेलं की यंत्र पुढे सुटतं. माणूस दचकून मागे रेलतो, तर यंत्र मागे येतं. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बघणाऱ्याला वाटतं यंत्रच बिघडलंय. यंत्र बिचारं सांगितलेलं काम चोख करत असतं. आतले जायरोस्कोप आणि कल मोजणारे सेन्सर सेकंदाला सुमारे शंभर वेळा तुमचा तोल तपासतात आणि तुम्ही जिकडे झुकाल तिकडे चाकं नेतात. त्याला ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही. तुमचं शरीर हेच दोन्ही.

हे उमगल्यावर उपाय सोपा होतो. नजर समोर, दहा-पंधरा पावलांवरच्या एखाद्या झाडावर ठेवा. गुडघे किंचित सैल सोडा आणि टाचा फळीवर पूर्ण टेका. यंत्र हलायला लागलं तर ते थांबवायचा प्रयत्न करू नका, फक्त श्वास सोडा आणि ताठ उभे राहा. दोन-तीन हेलकाव्यांत ते शांत होतं. चांगला गाइड नवख्या माणसाला सारखं एकच सांगत असतो, "काका, टाचा टेका, समोर बघा." ऐका त्याचं.

नवी मुंबईत बागा पाहण्यासाठी ही फेरी मला मनापासून आवडते, आणि त्याचं कारण शहराच्या ठेवणीत आहे. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा खारघरचं सेंट्रल पार्क एका सकाळी पायी नीट पाहायचं म्हटलं तर घरातली ज्येष्ठ मंडळी निम्म्यातच बाकावर बसतात. सेगवेची फळी जमिनीपासून वीतभर उंच असते. तेवढ्यानेही मेंदीच्या कुंपणापलीकडचं दिसायला लागतं आणि पायांना अंतर जाणवत नाही. हा आनंद पुरेपूर मिळावा असं वाटतं, म्हणून पुढचं सगळं सांगते आहे.

सराव उरकून टाकणं

गटात दोघा-तिघांना पाच मिनिटांत जमतं, उरलेल्यांना जमत नाही. जमलेले "चला, चला" करायला लागतात आणि बाकीचे संकोचाने "हो, येतं मला" म्हणतात. इथे गाइडने ठाम राहायला हवं, आणि तो राहत नसेल तर तुम्ही राहा. चार गोष्टी सलग जमल्याशिवाय मोकळ्या मैदानातून बाहेर पडू नका: सावकाश पुढे जाऊन ठरलेल्या रेघेवर थांबणं, जागच्या जागी वळणं, छोट्या चढावर थांबून पुन्हा निघणं आणि न डगमगता उतरणं. घरातल्या आजींना वेळ लागत असेल तर लागू दे. सरावाची जागा सपाट आणि रिकामी हवी, पार्किंगच्या दोन गाड्यांमधली चिंचोळी पट्टी नको.

थांबणं हेच सगळ्यांत अवघड वाटतं, कारण सायकल-स्कूटरची सवय असलेला हात ब्रेक शोधतो. सेगवे थांबवायचा म्हणजे कंबर किंचित मागे न्यायची, खुर्चीत बसायला लागल्यासारखी, आणि वेग मेला की पुन्हा सरळ व्हायचं. सरळ व्हायचं राहिलं तर यंत्र मागे चालायला लागतं. मागे चाललेल्या यंत्राने मागच्याचा अंगठा चेंगरला, असं होतं ते यामुळेच.

चढता-उतरताना हँडल ओढणं

चढायच्या आधी हँडलवरची खूण पाहा. दुसऱ्या पिढीच्या आय-टू मॉडेलला मनगटी घड्याळाएवढी एक चकती असते. यंत्र तोल सांभाळायला तयार झालं की तिच्यावर हसरा चेहरा दिसतो. तो नसेल तर पाय ठेवू नका. एक पाय ठेवा, लगेच सहजपणे दुसरा. पहिला पाय ठेवून विचार करत थांबलं की यंत्र गोल फिरू लागतं. हँडल हा आधाराचा कठडा नव्हे. ते अंगाकडे ओढलंत तर यंत्र मागे येईल, ढकललंत तर पुढे जाईल.

उतरताना पूर्ण थांबा, मग एक पाय मागे जमिनीवर, मग दुसरा, आणि दोन्ही पाय टेकेपर्यंत हँडल हातातच. पुढे उडी मारून उतरणारी तरुण मुलं असतात. त्यांनी सोडलेलं जवळजवळ ४७ किलोचं धूड तसंच पुढे जातं आणि समोर कोणाचं बाळ बाबागाडीत असू शकतं.

चाकांची रुंदी विसरणं

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हँडल अरुंद असतं आणि डोळ्यांसमोर असतं. चाकं त्याहून रुंद, बाहेरच्या बाजूंना आणि नजरेच्या खाली असतात. एकूण रुंदी साधारण ६३ सेंटिमीटर. हँडल गेलं म्हणजे आपण गेलो असं वाटतं आणि चाक बाकाच्या पायाला, कुंडीला किंवा ट्रॅकच्या उभ्या कडेला अडकतं. एक चाक अडलं की दुसरं चालूच राहतं, यंत्र क्षणात तिरकं फिरतं आणि माणूस बाजूला फेकला जातो. वेग फार लागत नाही त्याला. चालण्याच्या गतीतही होतं.

आपल्या बागांमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकात लोखंडी खुंट किंवा नागमोडी पाइप लावलेले असतात. तिथून सेगवेवर उभं राहून जायचंच नाही. उतरा, हाताने ढकलत न्या किंवा आयोजकाला मोठं फाटक उघडून घ्यायला सांगा. दुसरी जागा म्हणजे मोठ्या पर्जन्यवृक्षाखालचे पेव्हर ब्लॉक. मुळं वाढली की दोन-तीन ब्लॉक उचलले जातात, शेजारचा खचतो, आणि मध्ये बोटभर उंचीची धार तयार होते. वर सावली असल्यामुळे ती दिसत नाही. सावली आली की वेग कमी करा आणि अशी धार ओलांडायचीच असेल तर ती काटकोनात ओलांडा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील. तिरकं गेलात तर एक चाक आधी चढेल. तिसरी जागा शोभेचे कमानदार पूल. चढताना सगळे पुढे झुकतात आणि माथ्यावर आल्यावरही झुकलेलेच राहतात. मग उतारावर यंत्र सुसाट निघतं. माथ्याच्या अलीकडेच सरळ व्हा.

वाळू, सुटी खडी, ओलं गवत, फुलांचा सडा यांवर चाक घसरलं की यंत्राला तोल राखता येत नाही. एप्रिल-मे मध्ये पिवळ्या पाकळ्यांचा सुंदर सडा पडतो तेव्हा त्याच्यावरून जाण्याचा मोह होतो. कडेने जा.

यंत्राशी झुंजणं

सेगवेचा कमाल वेग ताशी सुमारे २० किलोमीटर, आणि नवख्यांसाठी तो १० वर बांधता येतो. बागेत १० सुद्धा जास्तच आहे. ठरलेल्या मर्यादेला पोहोचलात की हँडल आपणहून तुमच्याकडे येतं, तुम्हाला मागे रेटतं. काही जणांना हे आव्हान वाटतं आणि ते आणखी पुढे रेलतात. असं कधीच करू नका. तुम्हाला सरळ ठेवण्यासाठी मोटारीला थोडी ताकद शिल्लक लागते. ती वेगात खर्च झाली तर तुम्ही तोंडावर पडाल.

फळी आणि हँडल थरथरायला लागलं, तर ती सूचना आहे. बॅटरी उतरली असेल, चाक घसरत असेल, किंवा तुम्ही जोरात मागे जात असाल. लगेच हळू व्हा, थांबा, उतरा. बॅटरी संपत आली असेल तर यंत्र थोड्या सेकंदांतच तोल सांभाळणं सोडतं. "पुढच्या बाकापर्यंत जाऊ" हा विचार तिथे चालत नाही.

सेगवेवरचे अपघात हसण्यावारी नेले जातात, म्हणून एक गोष्ट लक्षात असू द्या. सेगवे कंपनीचे तेव्हाचे मालक जिमी हेसेल्डन २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सेगवे चालवतानाच कड्यावरून खाली पडून मरण पावले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळा.

बाग सोडून फक्त यंत्र चालवणं

ही चूक दुखत नाही, पण फेरी वाया घालवते. दोन तास फिरून आलेल्यांना विचारलं की काय पाहिलं, तर व्हिडिओ दाखवतात. गाइडसोबत जायचं ते त्याच्याकडची माहिती घ्यायला. ज्वेलमधल्या तलावाकाठी उभे राहून त्याला विचारा की हे पाणी इथे कशाला. सिडकोने हे शहर वसवताना खाडीलगत असे धारण तलाव ठेवले. भरतीला खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून झडपा बंद होतात, तेवढ्या वेळात शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की ते खाडीत जातं. आपण जिथे सकाळी चालायला जातो ते शहर कोरडं ठेवणारं बांधकाम आहे, हे कळल्यावर तोच तलाव वेगळा दिसतो. कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात गेलात तर पायाखाली एकेकाळचं डम्पिंग ग्राउंड आहे, हे मुलांना जरूर सांगा.

पक्ष्यांसाठी जाणार असाल तर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक पाहा. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो ठाणे खाडीत असतात. ओहोटीला ते उघड्या चिखलावर खात असतात. भरतीने चिखल बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या बाजूच्या उथळ पाणथळींवर येऊन उभे राहतात. मात्र पाणथळीच्या काठावर सेगवे नेऊ नका. जमीन मऊ असते, चाक रुतेल, आणि चाकांचा आवाज व माणसांची वर्दळ यांनी थवा उठतो. यंत्रं गाइडजवळ लांबवर ठेवा आणि पुढे पायी, गप्प जा.

झाडांसाठीही हेच. चालत्या सेगवेवरून मोबाइल काढणं तर नकोच, मान वळवून ताम्हणाचा मोहर बघणंही नको, कारण मानेमागे खांदा जातो आणि खांद्यामागे यंत्र. थांबा, उतरा, पाकळीची चुणी जवळून बघा. तसंही एकाच पवित्र्यात उभं राहून तळपाय बधिर होतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी उतरलात तर पोटऱ्याही भरून येत नाहीत.

चालणाऱ्यांना गृहीत धरणं

पालिकेची आणि सिडकोची उद्यानं आधी चालणाऱ्यांची आहेत. सकाळी सहा ते आठ ट्रॅकवर ज्येष्ठांची गर्दी असते. काहींना मागून आलेलं ऐकू येत नाही, आणि सेगवेचा आवाज फारसा नसतोच. त्या वेळेत फेरी ठेवणारा आयोजक मला पटत नाही. मागून ओलांडायचं झालं तर आधी वेग पायी चालण्याइतका करा, मग "काका, डावीकडून येतोय" असं म्हणा आणि ते सरकल्यावरच पुढे व्हा. भटकं कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, थांबा. एकमेकांत दोन सेगवे मावतील एवढं अंतर ठेवा. रांगेतल्या एकाने अचानक थांबवलं तर मागच्याला जागा हवी.

न विचारता बुकिंग

बागेत यंत्र नेण्याची लेखी परवानगी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर सुरक्षारक्षक फाटकावरच अडवेल आणि त्याचं बरोबरच असेल. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना पाम बीच रोडवरून सेगवे चालवायला सांगणारा आयोजक तर साफ नाकारा. यंत्रं टेम्पोतून जायला हवीत.

मूळ सेगवे पीटीचं (पर्सनल ट्रान्सपोर्टर, म्हणजे आय-टूसारखी मॉडेलं) उत्पादन जुलै २०२० मध्ये थांबलं. म्हणजे त्या प्रकारचं यंत्र मिळालं तर ते जुनंच असणार. बॅटरी कधी बदलली, टायर किती झिजलेत, दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही. एका टायरात हवा कमी असेल तर यंत्र सतत एका बाजूला ओढतं आणि चालवणारा स्वतःलाच दोष देत राहतो. वजनाची अटही विचारा. आय-टूसारख्या मॉडेलला साधारण ४५ ते ११८ किलो लागतं. हलक्या मुलाने मागे रेलून यंत्र पुरेसं थांबत नाही, म्हणून "आमचा फार हुशार आहे" म्हणून आग्रह करू नका, आणि त्याला आपल्यापुढे उभं करून तर अजिबात नेऊ नका. गरोदर बायकांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन अलीकडे झालंय त्यांनी टाळावं.

कपड्यांचं थोडक्यात: बंद बूट, ओढणी गाठ मारून, साडी नको, पाठीवर जड सॅक नको कारण ती तुम्हाला मागे ओढते.

जून ते सप्टेंबर मात्र तारीख घेऊच नका. पावसात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, त्यावर चालणाराही घसरतो. ऑक्टोबरच्या उन्हातही दुपार टाळा. डिसेंबर-जानेवारीतला कामाचा दिवस, चालणारी मंडळी घरी परतल्यावरची साडेआठ-नऊची वेळ सगळ्यांत चांगली. बागेच्या वेळेचा फलक आदल्या दिवशी पाहून ठेवा, काही बागा दुपारी बंद असतात. अवकाळी पाऊस आला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे पैसे भरायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.