मूल केव्हा हवे, हे आधी दोघांत ठरवा
लग्न ठरले की हॉल, जेवणाचा बेत आणि मानपान यांवर तासन्‌तास खल होतो; पाळणा केव्हा हलवायचा, हे मात्र दोघांत ठरत नाही आणि मग घरातली वडीलधारी माणसेच ते ठरवू लागतात. हा विषय ऐनवेळी न काढता एखाद्या निवांत संध्याकाळी काढावा आणि ‘मला अजून दोन वर्षे मूल नको आहे, तुझे काय मत?’ असे सरळ विचारावे. शासकीय आरोग्य केंद्रात निरोध, रोज घ्यायची ‘माला-एन’ ही गर्भनिरोधक गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यायची ‘छाया’ गोळी आणि दर तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळते. यांपैकी गुप्तरोगांपासून संरक्षण फक्त निरोध देतो, त्यामुळे ‘गोळी तूच घे’ म्हणून नवऱ्याने हात झटकू नयेत. असुरक्षित संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी केवळ अडीअडचणीसाठी असते.