शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वारीसाठी घडवताना

शर्यतीतून बाहेर पडणारा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा) घोडा बऱ्याचदा चार-पाच वर्षांचाच असतो, म्हणजे कामाची कितीतरी वर्षं त्याच्यापुढे असतात. नवखे लोक त्याला एक तर कोरी पाटी समजतात किंवा पूर्ण तयार घोडा. तो शिकलेला असतो, आणि चांगला शिकलेला असतो, पण दुसऱ्या कामासाठी. त्या कामातल्या काही खुणांचा अर्थ तुम्हाला हवा असतो त्याच्या नेमका उलट असतो. हे लक्षात घेतलं की पुढचा बराचसा गोंधळ टळतो.

घेण्याआधी त्याची शर्यतींची नोंद नीट वाचा. तीस-चाळीस शर्यती धावूनही ज्याचे पाय गार आणि घट्ट आहेत, तो घोडा दोनच शर्यती धावून वर्षभर गायब झालेल्या घोड्यापेक्षा माझ्या मते जास्त भरवशाचा. मधल्या रिकाम्या महिन्यांत काय झालं होतं, ते विचाराच. पुढच्या पायांच्या गुडघ्याखाली, हाडामागच्या स्नायुबंधावरून हात फिरवा. तिथे ऊब, सूज किंवा धनुष्यासारखा बाक आहे का पाहा. जुनी, पूर्ण भरलेली दुखापत साध्या स्वारीला आड येईलच असं नाही, पण उड्यांच्या कामात तोच पाय पुन्हा दगा देऊ शकतो. पशुवैद्याकडून सांधे दुमडून घ्यायची चाचणी, स्नायुबंधांची सोनोग्राफी आणि पाठीचे एक्स-रे करून घ्या. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासत असतील, तर त्या घोड्याचा ‘हट्टीपणा’ ही खरी वेदना असू शकते.

पहिले दोन महिने: पोट, खूर, पाठ

स्वारीची घाई करू नका. शर्यतीच्या तबेल्यात भरपूर दाणा, त्या मानाने कमी गवत आणि दिवसाचा बहुतेक वेळ बंद खोली असा दिनक्रम असतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं आणि त्याचा जोर कमी करणारी लाळ फक्त चघळतानाच तयार होते. त्यामुळे शर्यतीच्या घोड्यांत जठरव्रण फार आढळतात. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकणं, चावायला येणं, दाणा अर्धवट सोडणं, अंग न धरणं ही लक्षणं दिसली तर अंदाजावर थांबू नका. खात्री फक्त गॅस्ट्रोस्कोपीनेच (कॅमेऱ्याची नळी जठरात घालून केलेल्या तपासणीनेच) होते. उपचारात सहसा ओमेप्राझोल देतात, रोज दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम, साधारण ४ आठवडे, आणि तेही पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

५०० किलोच्या घोड्याला दिवसाला ७.५ ते १० किलो कोरडं गवत लागतं. तुम्ही वरच्या आकड्याकडे राहा आणि तो फार वेळ उपाशी राहणार नाही हे पाहा. एका वेळच्या दाण्यातून दर किलो वजनामागे १ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ नये. ओटमध्ये अंदाजे ४० टक्के स्टार्च असतो, म्हणून एका वेळी सव्वा किलो ही वरची मर्यादा धरा. खाण्यातला कोणताही बदल १० ते १४ दिवसांत हळूहळू करा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे फासळ्या दिसतात म्हणून दाणा वाढवणं. काम बंद आणि दाणा जास्त, मग तो उधळणारच. वजन वाढवायचं तर आधी गवत वाढवा, मग थोडं वनस्पती तेल द्या. स्वारीच्या अर्धा तास आधी ओंजळ-दोन ओंजळ कापलेलं गवत दिलं, की धावताना आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळत नाही.

मोकळं सोडतानाही टप्पे ठेवा. लहान कुरण, एक शांत सोबती आणि पहिल्या दिवशी तासभर पुरे. एकदम मोठ्या माळावर सोडलं तर तो कुंपणापर्यंत चौखूर जातो आणि पाय मोडून घेतो.

शर्यतीच्या पातळ ॲल्युमिनियमच्या नालांखाली खुराचं टोक अनेकदा लांब आणि टाच खाली गेलेली असते. दर ४ ते ६ आठवड्यांनी नालबंद हवाच. नवा खूर वरून खालपर्यंत यायला ९ ते १२ महिने लागतात, त्यामुळे एका फेरीत सुधारणेची अपेक्षा ठेवू नका. पाठीचा आकारही पहिल्या काही महिन्यांत भरत बदलतो. महागडं, मापाचं खोगीर एवढ्यात शिवून घेऊ नका. जुळवता येणारं खोगीर वापरा आणि ते दर सहा आठवड्यांनी तपासा.

खुणांचा उलटा अर्थ

जॉकी लगाम आखूड धरून मानेवर टेकवतो आणि घोडा त्यावर भार टाकून वेग वाढवतो. म्हणजे तुम्ही घाबरून दोन्ही लगाम ओढून धरलेत, की त्याच्या दृष्टीने तुम्ही ‘पळ’ म्हणालात. पुढे झुकलात तरी तेच. अशा वेळी सरळ बसा, श्वास सोडा, एका लगामाने घ्या-सोडा करत मोठ्या वर्तुळात वळवा. हा एकच धडा साध्या चालीत चालवताना हजार वेळा गिरवलेला असेल, तर भरधाव सुटल्यावर तोच उपयोगी पडतो.

जॉकीचे पाय वर, खांद्याजवळ असतात. कुशीवर पोटरीचा स्पर्श या घोड्याला जवळजवळ अनोळखी असतो. म्हणून बरेच स्वार पाय अंगापासून लांब धरतात आणि चुकून लागला की घोडा दचकतो. त्यापेक्षा लंजिंग करताना (लांब दोरीने घोड्याला आपल्याभोवती वर्तुळात फिरवताना) रिकिबी खाली सोडा, तंगामागे हाताने हलका दाब देऊन तो सरकला की लगेच सोडा. मग स्वारीत पाय सतत अलगद टेकलेला ठेवा.

चढताना उभं राहणंही त्याला ठाऊक नसतं, कारण जॉकीला अनेकदा चालत्या घोड्यावरच वर ढकलतात. पायरीशेजारी उभं करा, नुसते कुरवाळा, परत न्या. तो दहा सेकंद स्वतःहून थांबेपर्यंत चढू नका.

लंजिंग १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, वर्तुळ २० मीटरचं. लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. आधी चाल, मग दुडकी. ढिल्या लगामात, दोन्ही बाजूंना शांत दुडकी जमेपर्यंत कँटर (दुडकी आणि भरधाव यांच्या मधली धाव) मागू नका. बहुतेकांची एक बाजू ताठ असते. त्या बाजूला थोडं, पण वारंवार काम करा. जमिनीवरचे दांडे दुडकीसाठी साधारण १.३ मीटर अंतरावर ठेवा. दांडे फुलीसारखे ठेवून केलेला पहिला अडथळा ४० सेंटिमीटरचा पुरे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. मागून टापांचा आवाज आला की त्याची शर्यत सुरू होते. पहिल्या फेरफटक्याला एकच शांत जोडीदार घ्या, दोघंही फक्त चालीत, कधी पुढे, कधी मागे, कधी शेजारी.

अचानक मागच्या पायांवर उभा राहू लागला किंवा वारंवार उधळू लागला, तर आधी दात, पाठ, पोट आणि खोगीर तपासा, मग शिस्तीचा विचार करा. कँटरमध्ये लगामाचा आधार न घेता तोल सांभाळता येत नसेल, तर अनुभवी प्रशिक्षकाशिवाय या घोड्यावर बसू नका. तुमचा प्रत्येक झोका त्याला खूण वाटतो.

स्पर्धेचा पहिला प्रवास स्पर्धेसाठी नसावा. गाडी, लाउडस्पीकर, गर्दी म्हणजे त्याच्यासाठी शर्यतीचा दिवस. तीन-चार वेळा नुसतं न्या, गवताची जाळी लावा, हाताने फिरवा, परत आणा. तो तिथे मान खाली घालून गवत खाऊ लागला, की चाल आणि दुडकीपुरत्या साध्या ड्रेसेज चाचणीत (ठरलेल्या क्रमाने चाली दाखवायच्या स्पर्धेत) नाव घाला.