१९५१ सालचं आमचं गाव अखेर सापडलं

माझं गाव जालना तालुक्यातलं. १९५१ साली तिथे किती माणसं राहत होती, एवढाच आकडा मला हवा होता. त्यासाठी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात दोन दिवस बसलो. संगणकावर 'महाराष्ट्र, जालना, जनगणना' असं शोधत राहिलो. १९५१चं काहीच येईना.

शेवटी ग्रंथपाल मॅडमना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "१९५१ला जालना जिल्हा होता का?"

तिथेच गाठ सुटली. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी तालुका औरंगाबादेत. शिवाय १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि महाराष्ट्र तर १९६०चा! सरकारी प्रकाशनं सूचीत बहुधा त्या वेळच्या राज्याच्या नावाखाली असतात, आजच्या नाही. 'हैदराबाद, औरंगाबाद जिल्हा, १९५१' असा शोध घेतल्यावर जिल्हा जनगणना पुस्तिकेचा क्रमांक लगेच मिळाला. तो चिठ्ठीवर लिहून दिला, पुस्तक टेबलावर आलं. त्यात गावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं, म्हणून शेजारच्या गावांवरून आपलं ओळखावं लागलं. (कागद फार ठिसूळ झालेत, पानं हळू उलटा.)

लातूरकरांनीही हे ध्यानात ठेवा: तुमचा जिल्हा १९८२चा, त्याआधीचं उस्मानाबादखाली बघा. आणि ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारा, मी तिसऱ्या दिवशी विचारलं.

आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्या आकड्यात तेही आहेत.