पत्ता बदलताना पान पुन्हा पुन्हा लोड होऊ नये म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आठवडी बाजारांची माहिती देणारे एखादे पान घ्या. वाचकाने तालुका निवडला की तो पानाच्या पत्त्यातही (यूआरएलमध्ये) उमटावा, म्हणजे तोच दुवा नातेवाइकांना पाठवता येईल, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र त्यासाठी जावास्क्रिप्टमधून लोकेशन.सर्च (पत्त्याचा प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग) बदलले की ब्राउझर पान नव्याने मागवतो, पान आले की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालते, पुन्हा पत्ता बदलते, आणि हे चक्र थांबत नाही. वाचकाचा डेटा खर्च होत राहतो आणि बाजाराचा वार काही कळत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे हिस्टरी.पुशस्टेट ही ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद करणारी जावास्क्रिप्टची पद्धत. त्याला स्थिती (निवडलेला तालुका वगैरे), रिकामी स्ट्रिंग आणि त्याच संकेतस्थळाचा नवा पत्ता द्यावा. पत्ता बदलतो, पण पान लोड होत नाही. यादी बदलण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते, म्हणून ते स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवावे. वाचक मागे-पुढे गेला की पॉपस्टेट ही घटना घडते. तिथेही तेच फंक्शन बोलवावे, परंतु पुशस्टेट कदापि बोलवू नये, कारण त्याने पुढे जाण्याच्या नोंदी पुसल्या जातात. पान उघडताच पत्ता नुसता नीटनेटका करायचा असेल, तर सध्याचीच नोंद बदलणारे रिप्लेसस्टेट पुरेसे आहे; जादा नोंद पडत नाही.

कन्नड आवृत्ती सर्व्हरवरूनच येत असेल आणि पान लोड करणे भागच असेल, तर आधी पत्त्यातली सध्याची किंमत (व्हॅल्यू) तपासावी व ती वेगळी असेल तरच पत्ता बदलावा. मराठी मजकुराच्या बाबतीत ही तपासणी हमखास फसते. ‘तालुका=बेळगाव’ असे लिहिले तरी लोकेशन.सर्च वाचताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) च्या तीन बाइटांत मोडून, टक्केचिन्हांसह नऊ अक्षरांत परत मिळते. एकट्या ‘बेळगाव’ची ५४ अक्षरे होतात. त्यांची तुलना मूळ शब्दाशी केली तर दोन्ही कधीच जुळत नाहीत, अट नेहमी खरी ठरते आणि पान फिरतच राहते. म्हणून पत्त्यातील किमती वाचून देणाऱ्या यूआरएलसर्चपॅराम्सच्या गेट पद्धतीने उलगडलेली किंमत घ्यावी आणि तुलना तिच्याशीच करावी.

प्रश्नचिन्हापूर्वीचा मार्गही बदलत असाल, तर त्या नव्या मार्गावर सर्व्हर पान देतो ना, हे रिफ्रेश करून पाहावे. अन्यथा पाठवलेला दुवा उघडणाऱ्याला ४०४ ची (पान सापडले नाही) त्रुटी दिसेल.